जॅनिटर, डॉक्टर आणि पियानोवाला

१९४०च्या दशकात शिकागोच्या भाड्याच्या इमारतींमध्ये जॅनिटर नावाचा एक माणूस असे. तळघरातला बॉयलर पेटता ठेवायचा, जिने झाडायचे, तुंबलेल्या नळ्या मोकळ्या करायच्या आणि भाडेकरूंचा कचरा उचलून न्यायचा, ही त्याची कामं. रेमंड गोल्ड नावाच्या एका विद्यार्थ्याने आपल्या संशोधनासाठी या जॅनिटरांशी भरपूर गप्पा मारल्या. त्यांना कामातलं सगळ्यात हलकं काम कोणतं वाटतं, तर कचरा उचलणं. अपमान व्हायचा तो तिथेच, आणि त्यातही कचरा नीट बांधून न ठेवणाऱ्या भाडेकरूंकडून.

पण त्याच कचऱ्यातून जॅनिटरला घरोघरची खबर मिळत होती. फाडून टाकलेली पत्रं, थकलेली बिलं, कुणाचं कुणाशी बिनसलंय, कोण सावकाराला चुकवतोय, हे सगळं त्याच्या हाताखालून जायचं. इमारतीत तोऱ्यात वावरणाऱ्या बाईची खरी परिस्थिती इतर भाडेकरूंना ठाऊक नसे, जॅनिटरला असे. शिवाय शिकागोत जॅनिटरांची युनियन जबरदस्त होती. त्यामुळे काही जॅनिटरांची मिळकत वरच्या मजल्यावरच्या पांढरपेशांपेक्षा जास्त होती. जॅनिटरने नवी मोटार घेतली की भाडेकरूंच्या पोटात दुखायचं. कचरा उचलणाऱ्याने कचरा उचलणाऱ्यासारखं राहावं, अशी त्यांची अपेक्षा. जॅनिटर मात्र स्वतःला इमारतीचा राखणदार समजायचा. आपण नसलो तर या लोकांचं पानही हलणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. गोल्डचा हा अभ्यास १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला.

गोल्डचे शिक्षक होते एव्हरेट ह्यूज. त्यांनी या जॅनिटरकडे पाहिलं आणि त्यांना त्याच्यात डॉक्टर दिसला. डॉक्टरला, वकिलाला, पाद्र्यालाही लोकांच्या लपवलेल्या गोष्टी कळतात. त्या पोटात ठेवायच्या की नाही, हा प्रश्न त्यांच्याही पुढे असतो. दुसऱ्याची घाण हाताळल्याशिवाय त्यांचंही काम होत नाही. मग एकाला आपण मान देतो आणि दुसऱ्याला मागच्या जिन्याने बोलावतो, हे कसं घडतं? ह्यूज यांनी जवळजवळ चाळीस वर्षं हाच प्रश्न वेगवेगळ्या धंद्यांना विचारला. त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुढे जे काही केलं, त्यातलं बरंचसं याच प्रश्नातून निघालं.

ह्यूज यांचा जन्म १८९७चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातला. वडील मेथडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक. पदवी घेतल्यावर काही वर्षं त्यांनी परदेशातून आलेल्या कामगारांना इंग्रजी शिकवलं, लाकूडतोड्यांच्या छावण्यांत आणि पोलाद कारखान्याच्या परिसरात. समाजशास्त्राकडे ते आले ते यानंतर. शिकागो विद्यापीठात त्यांनी १९२८ मध्ये डॉक्टरेट मिळवली. विषय होता शिकागोतल्या जमीन-इमारतींच्या दलालांची संघटना. त्या काळी दलालाला कुणी भला माणूस म्हणत नसे. आपल्याला प्रतिष्ठा मिळावी म्हणून या मंडळींनी संघटना काढली, आचारसंहिता लिहिली, सभासद कुणाला करायचं याचे नियम केले.

तेव्हाच्या समाजशास्त्रात एक खेळ लोकप्रिय होता. डॉक्टरी आणि वकिली यांची लक्षणं काढायची, मग दुसरा एखादा धंदा घेऊन त्याला ती लक्षणं लागू पडतात का ते तपासायचं आणि तो ‘व्यावसायिक’ आहे की नाही हे ठरवायचं. ह्यूजही सुरुवातीला असंच करू पाहत होते. पुढे त्यांनी प्रश्नच उलटा केला. दलालीला प्रतिष्ठित व्यवसाय म्हणावं की नाही, यात त्यांना रस उरला नाही. एखाद्या धंद्यातली माणसं आपला धंदा प्रतिष्ठित ठरवायची धडपड कोणत्या परिस्थितीत करतात, आणि त्या धडपडीत स्वतःला कसं बदलून घेतात, हे त्यांना पाहायचं होतं. माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं काम हेच. एकदा प्रश्न असा फिरवला की डॉक्टरांनी स्वतःबद्दल सांगितलेली कहाणी ही मोजपट्टी राहत नाही, तीही तपासायची गोष्ट होते.

कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात दहा-अकरा वर्षं शिकवून १९३८ मध्ये ते शिकागोला परतले. युद्ध संपल्यावर अमेरिकी सरकारने परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च उचलला. विद्यापीठं भरून वाहू लागली. वर्गात आता कारखान्यात राबलेली, टॅक्सी चालवलेली, बारमध्ये वाजवलेली मुलं येऊ लागली. दुसऱ्या एखाद्या प्राध्यापकाला हा अडथळा वाटला असता. ह्यूज यांना ती खाण वाटली.

त्यांचं शिकवणं पहिल्यांदा ऐकणाऱ्याला गोंधळात टाकायचं. व्याख्यानाला बांधीव आराखडा नसे. एका धंद्याची गोष्ट सांगता सांगता ते दुसऱ्याच धंद्यात शिरायचे, मध्येच क्वेबेकमधल्या एखाद्या गिरणीची गोष्ट यायची, मग चर्चची. व्याख्या लिहून घ्यायला वही उघडून बसलेल्या मुलांची पंचाईत व्हायची. त्यांनी मोठा सिद्धांतग्रंथही लिहिला नाही. निबंध लिहिले, तेही छोटे आणि विखुरलेले. १९५८ मध्ये ‘मेन अँड देअर वर्क’ या नावाने त्यातले काही एकत्र आले, आणि मोठा संग्रह निघायला १९७१ साल उजाडलं. हा त्यांचा आळस होता असं मला वाटत नाही. तुलना करायची सवय लागली तर सिद्धांत पोरं स्वतः करतील, असा त्यांचा हिशेब असावा. नामांकित आणि नगण्य धंदे एकाच पंक्तीला बसवायचे. मानसोपचारतज्ज्ञ आणि वेश्या या दोघांनाही गिऱ्हाइकाच्या अत्यंत खासगी अडचणी ऐकून स्वतः त्यात न अडकण्याचं कसब लागतं, असं ते सरळ लिहायचे. ते वाचून मानसोपचारतज्ज्ञांना काय वाटायचं, हा भाग वेगळा.

त्यांच्या शिकवण्याचा दुसरा भाग वर्गाबाहेरचा. प्रत्यक्ष वस्तीत जाऊन पाहण्याचा, अर्थात क्षेत्रकार्याचा, त्यांचा अभ्यासक्रम होता. विद्यार्थ्याला शहरातला एक तुकडा नेमून दिला जायचा. तिथे जायचं, दारं ठोठवायची, लोकांशी बोलायचं, मेळावे पाहायचे आणि परत येऊन जे दिसलं, जे ऐकलं ते सगळं लिहून काढायचं. हे शिकवायचं कसं, याचाही अभ्यास त्यांनी करवून घेतला. पाहणारा लोकांत पुरता मिसळून पाहतो, की दुरून पाहतो, की यांच्या अधेमधे कुठे उभा असतो, याचे जे चार प्रकार आज जगभरच्या पाठ्यपुस्तकांत असतात, ते त्याच प्रकल्पातून निघाले. ते मांडणारा पुन्हा आपला जॅनिटरवाला रेमंड गोल्डच.

हॉवर्ड बेकरची गोष्ट इथे सांगायलाच हवी. शिकागोचाच हा पोरगा, १९२८चा. लेनी ट्रिस्टानोसारख्या मोठ्या जॅझ वादकाकडे पियानो शिकलेला. रात्री बारमध्ये वाजवायचा आणि दिवसा विद्यापीठात हजेरी लावायचा. संशोधनाचा उत्साह वगैरे काही नव्हता. क्षेत्रकार्याच्या नोंदी लिहायची वेळ आली तेव्हा त्याने सोपा मार्ग काढला. आपण वाजवतो त्या बारमध्ये जे घडतं तेच लिहून काढलं. त्या नोंदी त्याने अर्नेस्ट बर्जेस या ज्येष्ठ प्राध्यापकांना दाखवल्या. हे धंद्यांबद्दल आहे, तू ह्यूजकडे जा, असं सांगून बर्जेस यांनी त्याला पाठवून दिलं.

ह्यूज यांचे बरेच विद्यार्थी डॉक्टर, वकील, परिचारिका अशा बऱ्यापैकी मानाच्या धंद्यांच्या मागे लागलेले असत. अशा धंद्यातली माणसं मुलाखतीत तोलूनमापून बोलतात. बारमधल्या वादकांना कसली आली प्रतिष्ठा आणि कसला तोल! आपल्या गिऱ्हाइकांबद्दल काय वाटतं ते ही मंडळी तोंडावर बोलायची. बेकरच्या नोंदी ह्यूज यांना का आवडल्या असतील, ते यावरून कळतं. वादकांच्या मते जग दोन भागांत विभागलेलं होतं. एकीकडे आपण, दुसरीकडे संगीतातलं काही न कळणारे ‘स्क्वेअर’. आणि पोट भरायचं तर याच स्क्वेअर लोकांच्या फर्माइशी वाजवायच्या. लग्नाच्या हॉलमध्ये गेल्यावर हे वादक पियानो अशा बेताने सरकवून ठेवायचे की त्यांच्यात आणि पाहुण्यांमध्ये आडोसा तयार होईल. नोकरी टिकवायची की मनासारखं वाजवायचं, या पेचात त्यांचं सगळं आयुष्य जायचं. बेकरने १९४९ मध्ये यावर प्रबंध लिहिला. पुढे १९६३ मध्ये ‘आउटसायडर्स’ या पुस्तकात तो अभ्यास आला, आणि समाजशास्त्राच्या गेल्या शतकातल्या सगळ्यात वाचल्या गेलेल्या पुस्तकांत त्याची गणना झाली. ज्या कामाला आपण पोटापाण्याचा उद्योग समजत होतो तेच आपल्या अभ्यासाचं साहित्य आहे, हे बेकरला कुणीतरी सांगावं लागलं.

ह्यूज यांचे आणखीही विद्यार्थी याच वाटेने गेले. फ्रेड डेव्हिसने शिकागोत टॅक्सी चालवली आणि टॅक्सीवाला गिऱ्हाइकाकडे पाहून बक्षिशीचा अंदाज कसा बांधतो यावर लिहिलं. डोनल्ड रॉय यंत्रशाळेत ड्रिलवर उभा राहिला. कामगार मुद्दाम हात आखडता का घेतात, हे त्याने आतून पाहिलं. जास्त माल काढला तर मालक नगामागचा दर कापणार, हे कामगारांना अनुभवाने माहीत होतं. व्यवस्थापक ज्याला आळस म्हणत होते तो पक्का हिशेब होता. रॉयचा याहून गाजलेला लेख १९५९-६० मधला आहे. एका खोलीत चार माणसं दिवसभर एकच कंटाळवाणं यंत्र दाबत बसायची. रोज ठरल्या वेळी त्यातला एक दुसऱ्याच्या डब्यातलं केळं चोरायचा, ‘बनाना टाइम!’ असं ओरडायचा आणि खाऊन टाकायचा. ज्याचं केळं गेलं तो आरडाओरडा करायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा केळं घेऊन यायचा. पीचची वेळ वेगळी, खिडकी उघडायची वेळ वेगळी. या थट्टामस्करीच्या जोरावर दिवस पार पडायचा. रॉयने सुरुवातीला ही बाष्कळ बडबड समजून दुर्लक्ष केलं होतं. एकदा भांडण होऊन ती थांबली, आणि तेव्हा कुठे तिचं मोल त्याला कळलं.

स्वतः ह्यूज यांनी लिहिलेल्यातलं माझ्या आवडीचं म्हणजे कामातल्या चुकांबद्दलचा १९५१चा निबंध. गिऱ्हाइकाच्या आयुष्यात एकदाच येणारा अनर्थ हा काम करणाऱ्याचा रोजचा धंदा असतो, इथून ते सुरुवात करतात. नळ फुटला म्हणून आपण प्लंबरला जीव तोडून बोलावतो. त्याच्यासाठी तो आजचा पाचवा नळ असतो. आपला जीव वर-खाली होतोय आणि हा चहा पितोय, याचा संताप येतो. डॉक्टरबाबतही हेच. तेच काम माणूस जितक्या वेळा करील तितकी कधी ना कधी चुकण्याची शक्यता वाढणारच. म्हणून प्रत्येक धंद्यात चूक कशाला म्हणायचं, हे ठरवायचा हक्क आपल्याच माणसांकडे ठेवण्याची धडपड चाललेली असते. डॉक्टरची चूक दुसऱ्या डॉक्टरने ठरवावी, रुग्णाच्या नातेवाइकांनी नव्हे. उद्या आपल्यावरही ही वेळ येऊ शकते, हे प्रत्येक सहकाऱ्याला माहीत असतं. रुग्णाला हे कळलं तर तो खवळेल, आणि त्याचं खवळणंही बरोबरच. ह्यूज कुणाचीच बाजू घेत नाहीत. दोघांमध्ये कायमचं अंतर आहे एवढं दाखवून ते पुढे जातात. वाचणाऱ्याला ते थोडं बोचतं.

१९४५च्या एका निबंधात त्यांनी एका विमान-अभियंता तरुणीची गोष्ट सांगितली आहे. विमान ज्याने आखलं त्याने पहिल्या उड्डाणात बसायचं आणि मग अभियंत्यांना, कामगारांना मेजवानी द्यायची, असा रिवाज. तिची पाळी आली तेव्हा सहकारी म्हणू लागले, तू बाई, तू कशाला वर जातेस? ती गेली. मेजवानीही तिने दिली, बिलही भरलं. पहिल्या काही शुभेच्छा झाल्यावर मात्र ती उठून निघून गेली, कारण त्यानंतरची पार्टी बायकांसाठी नव्हे असा संकेत होता. एकाच संध्याकाळी तिला अभियंता आणि बाई या दोन्ही भूमिका निभवाव्या लागल्या. गोऱ्या रुग्णासमोर उभ्या असलेल्या कृष्णवर्णीय डॉक्टरचा पेच याच निबंधात येतो.

मग वैद्यकीय विद्यार्थ्यांचा अभ्यास. १९५५ मध्ये बेकर कॅन्सस विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात विद्यार्थ्यांच्या मागे मागे वॉर्डात फिरू लागला. तिथला एक प्रसंग बेकरने पुढे लिहून ठेवला आहे. राउंड संपल्यावर एक विद्यार्थी एका रुग्णाबद्दल पुटपुटला, हा नुसता ‘क्रॉक’ आहे. बेकरने विचारलं, म्हणजे काय? सगळ्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं जणू इतकं साधं कुणाला कळत नाही! पण सांगायला गेले तर त्यांनाही नीट सांगता येईना. ज्याच्या तक्रारींचं मूळ मनात आहे तो, असं पहिलं उत्तर आलं. बेकरने अल्सरचा रुग्ण पुढे केला, त्याच्याही आजारात मनाचा हात असतो ना? छे, त्याला तर खरा अल्सर आहे, तो क्रॉक नव्हे. असं विचारत विचारत बेकर एका जागी पोचला. शरीरात काही बिघाड न सापडणाऱ्या रुग्णाकडून शिकायला काही मिळत नाही, वेळ मात्र जातो, आणि त्याला वाचवलं असं म्हणण्याची संधीही मिळत नाही. एका शिवीवजा शब्दातून विद्यार्थ्यांचा डॉक्टरीबद्दलचा सगळा हिशेब बाहेर आला. वर्गात ह्यूज धंदे शेजारी शेजारी ठेवायचे, बेकरने वॉर्डात रुग्ण शेजारी ठेवले. ब्लांश गीर, ॲन्सेल्म स्ट्रॉस, बेकर आणि ह्यूज या चौघांचं ‘बॉइज इन व्हाइट’ हे पुस्तक १९६१ मध्ये आलं. पहिल्या वर्षाला सगळं शिकायचं म्हणून आलेली मुलं काही महिन्यांत परीक्षेला काय येईल त्याचा अंदाज बांधू लागतात, असं त्यात दिसतं. त्यांचा आदर्शवाद मेला असं मात्र या लेखकांनी म्हटलेलं नाही. मुलं तो बाजूला ठेवतात, पुढच्यासाठी.

ह्यूज यांच्या लिखाणातला सगळ्यात जड निबंध भल्या माणसांबद्दलचा आहे. हिटलर येण्यापूर्वी ते जर्मनीत राहिले होते. १९४८ मध्ये फ्रँकफर्टला शिकवायला गेले तेव्हा सुसंस्कृत जर्मन मित्रांशी बोलणं झालं. एक वास्तुविशारद शरमेने बोलता बोलता ज्यूंबद्दल भरकटला. ते गलिच्छ होते, काहीतरी करायला हवंच होतं, पण जे केलं ते चूक, असं म्हणाला आणि गप्प झाला. ज्यूंना मारणाऱ्या छावण्या चालवणारे राक्षस होते, असं म्हणून ह्यूज यांना मोकळं होता येईना. घाणेरडं काम करणाऱ्यांना भल्या माणसांनी न बोलता किती परवानगी दिलेली असते, हा त्यांचा प्रश्न होता. निबंध छापून यायला १९६२ उजाडलं.

आपल्याकडचा वाचक इथे थबकतो. डॉक्टरने नकोसं काम परिचारिकेकडे ढकलायचं, परिचारिकेने आयाकडे, ही उतरंड ह्यूज यांनी बारकाईने दाखवली. पण त्या उतरंडीत प्रत्येकाला आपल्या वाट्याचं ओझं खाली देऊन वर सरकायची थोडी तरी आशा आहे. जातीत कामाबरोबर काम करणाराच जन्माने बांधला जातो, त्यामुळे ही कामाची नव्हे तर काम करणाऱ्यांची विभागणी आहे, असं डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्येच मांडलं होतं. ह्यूज वाचताना त्यांच्या शेजारी आंबेडकर ठेवावेतच. जॅनिटर मोटार घेऊन शेजाऱ्याला जळवू शकत होता. आपल्याकडच्या गटारात उतरणाऱ्याची गोष्ट या चौकटीत मावत नाही.

आणखी एक गोष्ट ह्यूज यांच्या घरातलीच. त्यांच्या पत्नी हेलन मॅकगिल ह्यूज यांनी शिकागोतूनच डॉक्टरेट घेतली होती, बातम्यांवरचं पुस्तक लिहिलं होतं, आणि ‘अमेरिकन जर्नल ऑफ सोशिऑलॉजी’ या नियतकालिकाचं संपादनाचं रोजचं काम सतरा वर्षं सांभाळलं. प्राध्यापकपद त्यांना मिळालं नाही. १९७३ मध्ये त्याच नियतकालिकात त्यांनी प्राध्यापकाच्या बायकोने विद्यापीठात केलेल्या नोकरीवर एक निबंध लिहिला. शीर्षकातच प्रश्न होता, की अशी बाई म्हणजे सगळी कामं उपसणारी मोलकरीण की विभागाची वहिनी. कुणाचं काम कुणाच्या वाट्याला येतं, हे दुसऱ्यांच्या इमारतीत शोधणाऱ्या माणसाच्या शेजारच्या टेबलावर हे काम चाललं होतं.

ह्यूज १९८३ मध्ये गेले. आज त्यांच्या प्रश्नांचे वारसदार समाजशास्त्रापेक्षा व्यवस्थापनशास्त्राच्या विभागांत जास्त दिसतात. ब्लेक ॲशफर्थ आणि ग्लेन क्रायनर यांनी १९९९ मध्ये ह्यूज यांची घाणेरड्या कामाची कल्पना पुढे नेली. लोकांनी कलंकित ठरवलेलं काम करणारी माणसं स्वतःची ओळख ताठ कशी ठेवतात, ते त्यांनी दाखवलं. ती कामाला नवा अर्थ देतात, नकोशा भागापेक्षा मोलाच्या भागाकडे लक्ष देतात. २००१ मध्ये एमी व्रेझ्न्येव्स्की आणि जेन डटन यांनी रुग्णालयातल्या सफाई कामगारांचं उदाहरण पुढे आणलं. त्यातले काही जण रुग्णाशी दोन शब्द बोलणं, नातेवाइकाला वाट दाखवणं हेही आपलंच काम मानत होते, कुणी सांगितलेलं नसताना. हे उदाहरण आता व्यवस्थापनाच्या वर्गांतून आवडीने सांगितलं जातं, बहुधा साहेब होऊ घातलेल्या मुलांना.

ही सगळी निरीक्षणं खरी आहेत आणि मोलाची आहेत. पण त्या वर्गांत ह्यूज यांच्या प्रश्नाचा अर्धाच भाग पोचतो. सफाई कामगार आपल्या कामाला अर्थ कसा देतो, हे सांगितलं जातं. ह्यूज तिथे असते तर त्यांनी मुलांना त्या रुग्णालयात पाठवलं असतं आणि वेगळं शोधून यायला सांगितलं असतं. त्या फरशीवरची घाण पूर्वी कोण पुसत होतं, ते काम त्यांनी कधी आणि कुणाकडे ढकललं, आणि ढकलल्यावर त्यांच्या पगारात आणि नावापुढच्या पाटीत काय फरक पडला.